वेब डेव्हलपरला सर्टिफिकेट कितपत उपयोगी?

वकिलीला सनद लागते, तसं वेब डेव्हलपरच्या कामाला कुठलंच सर्टिफिकेट सक्तीचं नाही. जावाची परीक्षा ओरॅकल घेते, पीएचपीची झेंड; मोठ्या कंपन्यांत अर्ज करताना त्यांना थोडं वजन असतं. पण ब्राउझरची मुख्य भाषा जावास्क्रिप्ट. ती १९९५ साली आली, तिचे नियम एक्मा ही संस्था ठरवते. ती कुणाची परीक्षा घेत नाही. त्यामुळे कुणी ‘अधिकृत जावास्क्रिप्ट सर्टिफिकेट’ विकत असेल, तर ते नेमकं देतं कोण, हे पालकांनी आधी विचारावं. दागिने गहाण ठेवून फी भरणारी घरं आम्ही पाहतो, म्हणून जरा स्पष्ट लिहितोय. कागद जुनाही होतो: मायक्रोसॉफ्टने एचटीएमएल-जावास्क्रिप्टची आपली परीक्षा जानेवारी २०२१मध्ये बंद केली.

मग सर्टिफिकेट घेऊच नये का? घ्या, अभ्यासाला शिस्त लागते. फ्रीकोडकँपचं तर फुकट मिळतं. एनपीटेलवर शिकणं मोफत, फी फक्त परीक्षेची. मुलाखतीत मात्र कोड लिहायला लावतात, तिथे हुनरच कामाला येतो. मोहल्ल्यातल्या एखाद्या दुकानाची वेबसाइट बनवा, कोड गिटहबवर ठेवा आणि दोन्हींची लिंक बायोडाटात सर्टिफिकेटच्या वर टाका.