वंगणांतील औषधें

एरंडेल हें महाराष्ट्रांतील घरांत पोट साफ करण्याचें जुनें औषध. याच एरंडेलानें विमानांच्या आणि मोटारींच्या आरंभीच्या काळांत वंगणाचें कामहि इमानानें केलें, हें मात्र पुष्कळांना ठाऊक नसतें. पहिल्या महायुद्धांतील कांहीं विमानांचें इंजिन सिलिंडरांसकट स्वतःभोवतीं फिरत असे. त्यांत पेट्रोल आणि वंगण एकत्र येत. खनिज तेल पेट्रोलांत विरघळून पातळ होई. एरंडेल सहसा विरघळत नसे, म्हणून तेंच वापरीत. त्याची न जळलेली वाफ वैमानिकाच्या तोंडावर येई, आणि त्यापायीं पोट बिघडल्याच्या गोष्टी वैमानिकांत प्रसिद्ध होत्या. चार्ल्स वेकफील्ड यांच्या ब्रिटिश कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तेंहि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नांवावरूनच.

परंतु माणसाचें पोट साफ करणारें हें तेल इंजिनाचें पोट मात्र घाण करी. उष्णतेनें तें चिकट होई, पिस्टनवर राळेसारखा थर बसे, आणि इंजिन उघडून तो खरवडावा लागे. खनिज तेल सर्वत्र रूढ झाल्यावर हा त्रास कमी झाला; संपला नाहीं. जें तेल इंजिनाला वंगण पुरवितें, त्यानेंच त्याला स्वच्छहि कसें ठेवावें, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें पहिलें समाधानकारक उत्तर मिळालें तें ट्रॅक्टरामुळें. अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीनें १९३१ सालीं डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर बाजारांत आणला. डिझेल इंजिनांत उष्णता अधिक आणि काजळीहि अधिक. साध्या खनिज तेलाचा मळ पिस्टनच्या खांचांत सांचे, तेथील रिंगा जागच्या जागीं जखडून जात, आणि इंजिनाचा जोर ओसरे. या अडचणीवर कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें १९३५ सालीं ‘डेलो’ नांवाचें तेल काढलें. त्यांत एक धातुयुक्त साबण मिसळलेला होता. कपड्यावरील मळाला जशी साबणाची क्रिया लागू पडते, तशीच ही क्रिया. साबणाचा कण एका टोकानें काजळी धरतो आणि दुसऱ्या टोकानें तेलांत तरंगत राहतो. मळ धातूवर बसत नाहीं, आणि तेल बदललें म्हणजे त्याच्याबरोबर बाहेर पडतो. असें तेल लौकर काळें होतें. तें पाहून तेल वाईट निघालें असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तें आपलें काम करीत असल्याची ती खूण असते.

१९४७ सालीं अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें तेलांचे तीन वर्ग ठरविले: साधें, उंची आणि कष्टाच्या कामाचें. या तिसऱ्या वर्गांत मळ धुणारीं द्रव्यें असत. पण येथेंच जुन्या गाड्यांच्या मालकांपुढें एक नवीन पेंच उभा राहिला. जें इंजिन वर्षानुवर्षें साध्या तेलावर चाललें, त्याच्या चेंबरांत गाळाचे थर बसलेले असत. त्यांत एकदम जोरदार धुणारें तेल ओतलें, तर गाळ सुटून पंपाच्या जाळींत अडके आणि बेअरिंगांना तेल पोंचत नसे. इंजिन स्वच्छ होण्याच्या वाटेवरच जळून जाण्याचा हा धोका होता. जाणते कारागीर प्रथम चेंबर उतरवून हातानें गाळ काढीत, मग नवें तेल घालीत, आणि तें पहिल्या खेपेस लौकर बदलीत.

पुढें तेलांतच हीं द्रव्यें मिसळून येऊं लागलीं, तरीहि बाटल्यांचा स्वतंत्र व्यापार वाढला. एक बाटली ओतली कीं जुनें इंजिन नवें होईल, अशी आश्वासनें जाहिरातींतून झळकूं लागलीं. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें या आश्वासनांचा पुरावा मागितला. ‘स्लिक फिफ्टी’ या प्रसिद्ध द्रव्याच्या मालकांवर झीज निम्म्यानें घटते या दाव्याला आधार नसल्याचा आरोप झाला, आणि १९९७ सालीं तडजोड करून त्यांना तसे दावे सोडावे लागले. कारखान्यानें सांगितलेलें तेल घालून तें वेळेवर बदललें, तर बहुतेक इंजिनांना झिजेपासून पुरेसें संरक्षण मिळतें, हें त्या चौकशींत पुढें आलें.

यावरून सर्वच बाटल्या खोट्या ठरत नाहींत. १९२१ सालीं थॉमस मिजली यांनीं पेट्रोलांतील ठोके थांबविणारें शिसें शोधलें. तें माणसाला विषारी. पण जुन्या इंजिनांच्या मऊ व्हॉल्व्ह-बैठकींना त्याच्या थराचा आधार मिळे. ब्रिटनमध्यें १९९९ च्या अखेरीस शिशाच्या पेट्रोलाची सर्वसाधारण विक्री थांबली. भारतांतहि २००० सालीं तें बंद झालें. तेव्हां जुन्या गाड्यांचें काय, ही चिंता खरी होती. ब्रिटनमधील ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या संघानें जाहिरातींवर विसंबण्याऐवजीं बाजारांतील पर्यायी द्रव्यें इंजिनांत घालून तपासलीं, आणि जीं कसोटीस उतरलीं त्यांचीच शिफारस केली. येथें रोग ठाऊक होता, औषध नेमकें होतें, आणि गुण पडताळून पाहिला होता.

एरंडेल देण्यापूर्वीं जुना वैद्य रोग्याची शक्ति पाही. अशक्ताला जोराचा रेच देत नसे, आणि औषधाहून पथ्याला अधिक मान देई. जुन्या मोटारीच्या बाबतींतहि हाच क्रम योग्य. तिचें पथ्य म्हणजे योग्य तेल आणि त्याची वेळेवर बदली. तें पाळल्यावर जो दोष उरेल, तो नीट ओळखून मगच बाटलीचें बूच काढावें.