तडीपार

सण किंवा निवडणूक जवळ आली की नगरच्या बातम्यांत ‘तडीपार’ येतोच. ‘तड’ म्हणजे काठ, संस्कृतातला ‘तट’. काम तडीस गेलं की कौतुक. माणूस तडीपार झाला की बदनामी! जोडीचा ‘हद्दपार’ अर्धा अरबी, फारसीमार्गे दरबारात शिरलेला. मला तडीपारच जास्त पटतो, कारण नगर जिल्ह्याची हद्द उत्तरेला काही पट्ट्यात खरोखरच गोदावरीचा काठ आहे, दक्षिणेला भीमेचा. 1951च्या पोलीस अधिनियमात ही हकालपट्टी जास्तीत जास्त 2 वर्षांची. बोलण्यात मुदत नाही: व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलेले भाऊजी तडीपार, पक्षानं नारळ दिलेला नगरसेवक तडीपार, आणि शुगरचा रिपोर्ट आला की घरातला गूळसुद्धा.