येरिदा

येरिदा ही इस्रायल सोडून परदेशात स्थायिक होण्यासाठी वापरली जाणारी हिब्रू संज्ञा होय. तिचा शब्दशः अर्थ 'खाली उतरणे' असा आहे. उलटपक्षी, इस्रायलमध्ये येऊन वसण्यास 'अलिया' म्हणजे 'वर चढणे' म्हणतात. देश सोडणाऱ्याविषयीचा निवाडा असा शब्दातच दडलेला आहे. १९७६ मध्ये पंतप्रधान इत्झाक राबिन यांनी अशा स्थलांतरितांची दुबळे म्हणून संभावना केली होती. पुढे त्यांनी ते उद्गार मागे घेतले.

मताधिकार

परदेशस्थ नागरिकाचा मताधिकार अबाधित राहतो, मात्र तो बजावण्यासाठी मतदानाच्या दिवशी इस्रायलमध्ये हजर असावे लागते. राजनैतिक अधिकारी, इस्रायली जहाजांवरील खलाशी अशा मोजक्यांनाच यातून सूट आहे. युद्ध आणि सक्तीची लष्करी सेवा ज्यांच्या वाट्याला येते, त्यांनीच सरकार निवडावे, असे या नियमाचे समर्थक मानतात.

दुहेरी कोंडी

यजमान देशात मात्र हाच नागरिक, ज्या सरकारला त्याने मतही दिलेले नसते, त्याच्या धोरणांबद्दल जाब विचारला जाणारा पहिला माणूस ठरतो. तेथे तो मायदेशाची बाजू मांडतो. मायदेशावर टीका केल्यास 'दुरून बोलणे सोपे' असे घरच्यांकडून ऐकतो. २०१४ मध्ये बर्लिनमधील एका इस्रायली तरुणाने तेथील चॉकलेट पुडिंग स्वस्त असल्याचे दाखवून देशबांधवांना स्थलांतराचे आवाहन केले. वाद महागाईचा होता, पण बर्लिनच्या नावामुळे तो होलोकॉस्टच्या स्मृतीपर्यंत पोहोचला. २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेतील प्रस्तावित बदलांविरुद्ध न्यूयॉर्क, लंडन व बर्लिन येथील इस्रायली नागरिकांनीही राष्ट्रध्वज घेऊन निदर्शने केली.