सान जोव्हानी : एका वेड्यांच्या इस्पितळाचे विसर्जन व पुनरुज्जीवन

वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास बहुधा वास्तूच्या उभारणीपासून सुरू होतो आणि तिच्या नव्या उपयोगापाशी संपतो. इटलीच्या ईशान्य सीमेवरील त्रिएस्ते शहरातील सान जोव्हानी या संस्थेचा इतिहास या चौकटीत बसत नाही. तेथे वास्तूचे पुनरुज्जीवन हे मूळ उद्दिष्ट नव्हते; तीत कोंडलेल्या माणसांना नागरिकत्व परत मिळवून देण्याच्या प्रयत्नाचे ते फलित होते.

हे इस्पितळ १९०८ साली सुरू झाले, तेव्हा त्रिएस्ते हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. लोदोव्हिको ब्राइदोत्ती या वास्तुशिल्पज्ञाने टेकडीच्या उतारावर स्वतंत्र इमारतींची योजना केली. चर्च, नाट्यगृह व कर्मशाळा यांनाही तीत स्थान होते. मोकळी हवा व नियमित काम यांनी मन ताळ्यावर येते, ही तत्कालीन श्रद्धा त्या आराखड्यात उमटलेली दिसते. पुढे शहर इटलीकडे आले. इटलीतील १९०४ च्या कायद्यानुसार स्वतःस वा इतरांस धोकादायक ठरलेल्या व्यक्तीस सक्तीने दाखल करता येई व तिची नोंद न्यायालयीन दप्तरात होई. स्वेच्छेने दाखल होण्याची मुभा १९६८ साली मिळाली. सारांश, सान जोव्हानीची खरी भिंत विटांची नसून कायद्याची होती.

फ्रांको बाझालिया १९७१ साली संचालक झाले, तेव्हा तेथे सुमारे १२०० रोगी होते आणि त्यांतील बहुसंख्य सक्तीने ठेवलेले होते. बाझालिया यांनी विजेचे झटके व रोग्यांना बांधून ठेवणे बंद केले आणि विभागांची दारे उघडली. ज्यांना मुक्त केले तरी जावयास घर नव्हते, ते 'अतिथी' म्हणून तेथेच राहिले. पूर्वी उपचाराच्या नावाखाली फुकट राबणाऱ्यांची सहकारी संस्था होऊन त्यांना रीतसर वेतन मिळू लागले. १९७३ साली रोगी व कलावंत यांनी मिळून बनविलेला 'मार्को काव्हालो' हा प्रचंड निळा घोडा दारातून मावेना, तेव्हा दार मोडून तो मिरवत शहरात नेण्यात आला.

या मार्गातील धोका काल्पनिक नव्हता. बाझालिया पूर्वी गोरित्सिया येथील इस्पितळाचे संचालक असताना, १९६८ साली, एक दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या रोग्याने पत्नीची हत्या केली होती. बाझालिया यांच्यावर खटला झाला व ते निर्दोष सुटले. तथापि, मुक्त झालेल्या रोग्याची काळजी कोणी वाहावी, हा प्रश्न उरलाच. त्रिएस्ते येथे त्याचे उत्तर शहराच्या निरनिराळ्या भागांत उघडलेल्या, अहोरात्र चालणाऱ्या मानसिक आरोग्य केंद्रांनी दिले. म्हणून तेथील मुक्तता ही रोग्यांना वाऱ्यावर सोडणे ठरली नाही.

१३ मे १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीत नवी मनोरुग्णालये उभारण्यास मनाई केली. बाझालिया १९८० साली निवर्तले. सान जोव्हानीच्या इमारतींत पुढे आरोग्यसेवेची कार्यालये व विद्यापीठाचे विभाग आले. जुने नाट्यगृह पुन्हा वापरात आले, उपाहारगृह निघाले, हजारो गुलाबांची बाग बहरली आणि आवार सर्वांना खुले झाले.

या इतिहासात महत्त्व आहे ते घटनांच्या क्रमाला. आधी रोग्यांना हक्क, घर व वेतन मिळाले, आणि मगच वास्तूला नवा उपयोग लाभला. हा क्रम उलटला असता, तर तेथे सुंदर उद्यान खचितच झाले असते. परंतु त्यातून फिरणाऱ्यांत पूर्वीचे रहिवासी दिसले असतेच, असे म्हणता येणार नाही.