बलुत्याबाहेरची कातणारी

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत वळसंग येतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली स्वतः पाणी शेंदून जी विहीर खुली केली, ती याच गावातली. कापडधंद्यातल्या माणसाला मात्र वळसंग म्हटलं की सहकारी सूतगिरणी आठवते. गिरणीत कापूस पिंजला जातो, त्याचे पेळू होतात, पेळू ओढून बारीक करतात, त्यांना पीळ बसतो आणि सूत गुंडाळलं जातं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी या टापूत हेच काम याच क्रमाने घरात होत असे. त्याला लागत होती एक बाई, तिचा चरखा आणि तिची बोटं.

सोलापूरच्या कापडाची गोष्ट सांगताना आपण सुरुवात मागापासून करतो. विणणाऱ्यांना कुळी आहे. पद्मशालींचा मार्कंडेय आहे, साळी-कोष्ट्यांच्या पोटजाती आहेत, घोंगडी विणणारे सणगर आहेत. अठरा अलुत्यांच्या काही याद्यांत साळी आणि सणगर दोघेही सापडतात. बारा बलुत्यांत तर दोर वळणारा मातंगही आहे. घायपाताचा किंवा अंबाडीचा वाख काढून त्याला पीळ घालायचा, त्याचे नाडे-कासरे करायचे आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा हक्क मागायचा, ही त्याची रीत होती. म्हणजे जाड दोराला पीळ घालणाऱ्याची गावगाड्याने नोंद केली. बारीक सुताला पीळ घालणारीची केली नाही. कारण कातणं ही कुठल्या एका जातीची वृत्ती नव्हतीच. ते बायकांचं काम होतं. कुणब्याच्या, महाराच्या, धनगराच्या घरची, किंवा नवरा गेल्यावर पोट भरायला दुसरं साधन न उरलेली, कोणीही बाई सूत कातत असे. जे सगळ्यांचं असतं त्याचा हक्क कुणालाच मागता येत नाही. चरख्याची कुळकथा लिहिताना पहिली अडचण येते ती ही.

कापूस आणि लोकर लवकर कुजतात, त्यामुळे जुनं सूत सहसा हाती लागत नाही. ते टिकलं असेल तर बहुधा तांब्याच्या कृपेने. तांब्याचे क्षार जंतूंना वाढू देत नाहीत, म्हणून तांब्याच्या मण्यांत ओवलेला दोरा हजारो वर्षं राहू शकतो. बलुचिस्तानातल्या मेहरगढला अशाच एका मण्यात सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे कापसाचे तंतू मिळाले. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. आपल्याकडे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात नेवाशाला तांब्याच्या मण्यांच्या माळेत रेशीम आणि कापूस मिळून केलेला दोरा सापडला, आणि पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला जवसाच्या तंतूचा. या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या, ताम्रपाषाण काळातल्या वस्त्या. म्हणजे कापूस, रेशीम आणि जवस या तिन्ही तंतूंना पीळ घालायचं ज्ञान तेव्हा दख्खनच्या खेड्यांत पोचलेलं होतं.

त्या काळी चरखा नव्हता. होती ती टकळी. एक काडी, तिच्या खालच्या टोकाला मातीची किंवा दगडाची चकती, आणि बाकी सगळी करामत चुटकीची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगर या गावाहून भडोचच्या बंदराला जाड कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल जात असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, सोलापूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं. रोमच्या बाजारात गेलेल्या त्या कापडाचा धागा न् धागा टकळीवर निघालेला होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत लाटण्यासारखा रूळ फिरवून सरकी वेगळी करणारी स्त्रीही आहे. डिटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने ती ओळखून दाखवली.

मग चरखा आला कुठून? चाक फिरवून चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी टोकदार काडी, फिरवण्याची युक्ती भारतातली की बाहेरची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. इतिहासकार इरफान हबीब यांनी तो इथे बाहेरून आला असं मांडलं. त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा पुरावा आपल्या शेजारचा आहे. महंमद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला हलवलं, त्या लोंढ्यात इसामी नावाचा एक तरुण होता. पुढे बहमनी राज्याचा संस्थापक अलाउद्दीन हसन याच्या आश्रयाने त्याने १३५० मध्ये ‘फुतूह-उस्-सलातीन’ हे फार्सी काव्य पुरं केलं. त्यात रझिया सुलतानेच्या कारभाराबद्दल बोलताना तो बजावतो की बाईने गादीवर बसू नये, चरख्याशी बसावं. भारतात चरख्याचा स्पष्ट उल्लेख मिळतो तो असा, दख्खनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात आणि टोमण्याच्या रूपात. त्या टोमण्यातून एक गोष्ट मात्र पक्की कळते. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चरखा इतका घरोघरी झाला होता की बाईची जागा दाखवायला त्याचंच नाव तोंडी येत होतं.

चरख्याने कामाचा वेग कित्येक पटींनी वाढवला, पण बोटांचं काम तेच राहिलं. शिकणाऱ्याची सगळी परीक्षा तिथेच होते. उजवा हात चाक फिरवतो, डावा हात पेळू धरून मागे जातो. चातीच्या टोकाशी पीळ तयार होतो आणि तो पेळूत चढू पाहतो. डाव्या हाताने तंतू सोडायचे ते त्या पिळाच्या चालीने. पीळ आधी चढला तर गाठ पडते. तंतू आधी सुटले तर सूत तुटतं. हात पूर्ण मागे गेला की क्षणभर थांबून उरलेला पीळ भरायचा, चाक किंचित उलटं फिरवायचं आणि सूत चातीवर गुंडाळायचं. नवशिक्याचं लक्ष चाकाकडे असतं, मुरलेलीचं डाव्या हाताकडे. सुताला बळ येतं ते तंतू एकमेकांवर आवळले गेल्याने. म्हणून कापसासारख्या आखूड तंतूला पीळ जास्त लागतो आणि लोकरीला कमी, कारण लोकरीचे केस लांब असतात, मुळातच कुरळे असतात आणि एकमेकांत अडकतात. शिकायला लोकर सोपी म्हणतात ती एवढ्यासाठी.

आता वेळेचा हिशेब. सुताचा नंबर काढायची गिरणीची रीत अशी : एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे पौंडाला १६,८०० वार, म्हणजे पंधरा किलोमीटरांहून जास्त. सोलापुरात एक टोक धरून ठेवलं तर दुसरं वळसंगच्या वाटेवर अर्ध्याच्या पुढे जाईल. एवढं सूत हाताने काढायला दिवसच्या दिवस लागतात, आणि एका नऊवारी लुगड्याला पौंडाहून जास्त सूत हवं. एका मागाला पुरेसं सूत द्यायला अनेक चरखे चालवावे लागत. म्हणजे विणकराच्या प्रत्येक घरामागे कातणाऱ्या बायकांची कितीतरी घरं उभी होती.

यंत्राने पहिला घाव तिथेच घातला. इंग्लंडात हारग्रीव्हज, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांची कातायची यंत्रं १७६० ते १७८० या काळात आली, यंत्रमाग त्यानंतर. एकोणिसाव्या शतकात विलायती सूत आपल्या बाजारात उतरलं तेव्हा सोलापूरच्या विणकराला ते सोयीचंच वाटलं. सूत स्वस्त, एकसारखं आणि ताण्याला न तुटणारं. त्याचा माग चालू राहिला, मात्र चरख्यांची मजुरी बुडाली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची जुनी गिरणी, सुरू झाली आणि सूत गावातच निघू लागलं. ते वर्ष मोठ्या दुष्काळाचं होतं. विणकरांच्या हालाबद्दल सरकारी कागदांत पुष्कळ लिहिलं गेलं. कातणारीचं काम गेलं त्याबद्दल तितकं कोणी लिहिलं नाही, कारण ते ‘काम’ म्हणून मोजलंच जात नव्हतं.

ते किती पुसलं गेलं होतं, हे गांधीजींच्या अनुभवावरून दिसतं. ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी चरख्याची बाजू घेतली तेव्हा त्यांनी चरखा पाहिलेलाही नव्हता. आश्रमात माग बसवता आले, विणायला शिकवणारा मिळाला, पण कातून दाखवणारं कोणी मिळेना. अखेर गंगाबेन मजमुदार यांनी गुजरातभर शोध घेतला. बडोदे संस्थानातल्या विजापूरला चरखे माळ्यावर पडलेले सापडले. पेळू आणून देणार असाल आणि सूत विकत घेणार असाल तर कातू, असं तिथल्या बायकांनी सांगितलं. कला हातात शिल्लक होती, गेलं होतं ते गिऱ्हाईक.

पुढचा इतिहास बराचसा महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. १९२५ मध्ये चरखा संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. अटी कडक होत्या : किंमत दीडशे रुपयांच्या आत, खेड्यातल्या बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा, आणि तेवढ्या वेळात बारा ते वीस नंबरी सूत सोळा हजार फूट निघावं. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र स्पर्धेत उतरलं. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत मावणारा, दोन चाकांचा चरखा घडवत नेला. तो ‘येरवडा चक्र’ म्हणून देशभर गेला. त्यांच्या अटकेवरून सोलापूर पेटलं, तिथे लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघा सोलापूरकरांना फाशी दिलं गेलं ते याच येरवड्यात. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर कताई शाळेत शिरली. मूलोद्योगाच्या तासाला टकळी फिरवलेली पिढी अजून आपल्यात आहे. पण शाळेतलं सूत गुणपत्रिकेसाठी निघत होतं, त्याला विणकर नव्हता. पुढे एकंबरनाथन या तमिळ कारागिराने अनेक चात्यांचा अंबर चरखा केला. त्याने खादीचं उत्पादन वाढलं, पण तंतू सोडायचं काम रुळांकडे गेलं आणि डाव्या हाताची करामत गेली.

तरी पीळ घालणं घराबाहेर पूर्ण कधीच गेलं नाही. फुलवाती आणि लक्षवाती, गौरी-गणपतीला कापसाची वस्त्रं, टकळीवर काढलेल्या सुताचं जानवं, ही कातण्याचीच शाखा. तिला बाजार नसल्याने यंत्राची भीतीही नव्हती.

मजुरीची कताई या जिल्ह्यात राहिली ती लोकरीत. दख्खनी मेंढीची लोकर भरड, काळपट. वर्षातून दोनदा कातरण होते. गिरणीला तिचा उपयोग नाही, म्हणून ती धनगराच्या घरात उरली. बायका ती निवडतात, पिंजून घेतात, चरख्यावर कातून सणगराला देतात. तो ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतो. घोंगडीची किंमत करताना विणणाऱ्याची मजुरी आठवते, लोकरीचा भाव आठवतो. सर्वांत जास्त तास मात्र कातण्यात गेलेले असतात, आणि सर्वांत कमी पैसे तिथेच पोचतात. जेव्हा बायका हे परवडत नाही म्हणून चरखा बाजूला ठेवतात, तेव्हा यंत्राच्या सुताची घोंगडी त्याच नावाने बाजारात येते.

म्हणून वाचकाला एकच सांगणं. घोंगडी घ्यायला जाल तेव्हा वीण पाहा, काठ पाहा, पण सूतही बोटांत धरून पाहा. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक लागतं. मग विकणाऱ्याला विचारा, हे सूत कातलं कोणी आणि तिला त्याचे किती मिळाले. विणकराचं नाव विचारायची सवय आपल्याला लागली आहे. कातणारीचं नाव विचारणारं गिऱ्हाईक मिळालं, तर तिला बलुत्याच्या यादीची गरज उरणार नाही.