लॅपटॉपची बिजागरी

लॅपटॉपची बिजागरी हा लॅपटॉप संगणकाचे पडदा असलेले झाकण आणि कळफलक असलेला खालचा भाग यांना जोडणारा यांत्रिक भाग होय. दुरुस्तीच्या व्यवसायात तिला सर्रास ‘हिंज’ म्हणतात. दाराच्या बिजागरीने केवळ वळणे पुरते. लॅपटॉपच्या बिजागरीला मात्र झाकण ठेवलेल्या कोनात धरूनही ठेवावे लागते. ही धरून ठेवण्याची क्षमता कमी झाली म्हणजे बिजागरी सैल झाली असे म्हटले जाते. जुन्या लॅपटॉपमध्ये हा दोष बहुधा झिजेमुळे येतो. नव्या लॅपटॉपमध्ये तो प्रायः जुळणीतील किंवा सुट्या भागातील उणिवेमुळे असतो. त्यामुळे दोन्ही प्रसंगी करावयाचे उपाय वेगळे ठरतात.

पार्श्वभूमी

शिंपल्याप्रमाणे उघडमीट होणारी रचना १९८२ साली बाजारात आलेल्या ‘ग्रिड कंपास’ या संगणकामुळे ओळखली जाऊ लागली. त्याचा आराखडा ब्रिटिश रचनाकार बिल मॉगरिज यांनी केला होता. पुढे हीच रचना लॅपटॉपची सर्वमान्य रचना झाली. २०१२ साली लेनोव्हो कंपनीच्या ‘योगा’ मालिकेत झाकण ३६० अंशांत फिरविणारी बिजागरी आली.

रचना व कार्य

सामान्यतः झाकणाच्या तळाशी डावीकडे व उजवीकडे अशा दोन बिजागऱ्या असतात. प्रत्येकीची एक पट्टी झाकणाला, तर दुसरी खालच्या भागाला स्क्रूने जोडलेली असते. बिजागरीची पकड घर्षणावर अवलंबून असते. एका प्रकारात पोलादी दांड्यावर सपाट व किंचित खोलगट स्प्रिंग-चकत्या ओवलेल्या असतात आणि टोकाचा नट त्यांना दाबून धरतो. दुसऱ्या प्रकारात दांड्याभोवती स्प्रिंग-पोलादाची पट्टी गुंडाळलेली असते. पहिल्या प्रकारात नट आवळून घर्षण वाढविता येते. दुसऱ्यात तशी सोय नसल्याने बिजागरी बदलावीच लागते.

बिजागरीवरील भार कोनानुसार बदलतो. झाकण सरळ उभे असताना, म्हणजे ९० अंशांत, त्याचे वजन दांड्याच्या बरोबर वर येते व वळविणारा परिणाम जवळजवळ शून्य असतो. झाकण मागे कलत जाते तसा तो वाढतो आणि १८० अंशांत सर्वाधिक होतो. उदाहरणार्थ, झाकणाचे वस्तुमान ५०० ग्रॅम व त्याचा गुरुत्वमध्य दांड्यापासून ११ सेंटिमीटरवर असेल, तर १८० अंशांत सुमारे ०.५४ न्यूटन-मीटर आणि १२० अंशांत त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ०.२७ न्यूटन-मीटर इतके आघूर्ण दोन्ही बिजागऱ्यांना मिळून पेलावे लागते. सैल बिजागरीचा लॅपटॉप उभ्या स्थितीत निर्दोष भासतो आणि मागे कलविताच झाकण घसरते, त्याचे कारण हेच आहे.

लक्षणे

टंकलेखन करताना किंवा स्पर्शपडद्यावर बोट टेकविताना झाकण थोडे हलून लगेच थांबणे हा दोष मानला जात नाही. पातळ व हलक्या लॅपटॉपमध्ये असे हेलकावे आढळतात. पुढील लक्षणे मात्र दोषाची निदर्शक असतात :

• ठेवलेल्या कोनातून झाकण आपोआप मागे पडणे किंवा मिटणे.
• दोन बाजूंपैकी एकच बाजू सैल असणे, अथवा झाकण मिटल्यावर एका बाजूस अधिक फट राहणे.
• उघडताना कट्‌कट् आवाज येणे किंवा बिजागरीजवळील प्लॅस्टिक उचलले जाणे.
• झाकण हलविताच पडद्यावरील चित्र लुकलुकणे. पडद्याची केबल बिजागरीजवळूनच जात असल्याने तिच्यावर ताण आल्यास असे घडते.

कारणे

नव्या लॅपटॉपमध्ये कारखान्यात स्क्रू पुरेसा न आवळला जाणे, बिजागरीच्या नटाचा दाब कमी राहणे, किंवा वाहतुकीतील धक्क्याने जोड ढिला होणे ही संभाव्य कारणे आहेत. याच्या उलट बिजागरी अतिघट्ट असणे हाही दोषच होय. अनेक लॅपटॉपमध्ये स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसविलेल्या पितळी नळ्यांत फिरतात. बिजागरी फार घट्ट असल्यास प्रत्येक उघडझाकीत या नळ्यांवर ताण येतो, कालांतराने त्या उपटून निघतात आणि वरवर बिजागरी सैल झाल्यासारखी दिसते. अशा वेळी मूळ दोष बिजागरीच्या घट्टपणात असल्याने केवळ स्क्रू आवळून उपयोग होत नाही.

उपाय

लॅपटॉप नवा असल्यास तो न उघडणे इष्ट असते. सपाट टेबलावर ठेवून झाकण ९०, ११० व १३० अंशांत सोडून पाहावे आणि त्याचे चित्रीकरण जपून ठेवावे. विक्रेत्याची परत घेण्याची किंवा बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते. ती टळल्यावर उत्पादकाच्या हमीखालील दुरुस्तीचाच मार्ग उरतो. हमीपत्रात पडझडीने झालेले नुकसान सहसा वगळलेले असते. म्हणून बाह्यभागावर ओरखडा वा पोचा नसल्याची छायाचित्रे पहिल्याच दिवशी घेतलेली उपयोगी पडतात.

हमी संपली असल्यास लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून व बॅटरीची जोडणी सोडवून मगच बिजागरीचे स्क्रू तपासले जातात. हे स्क्रू लहान असल्याने योग्य मापाचाच पेचकस वापरावा लागतो. स्क्रू पुन्हा ढिला होऊ नये म्हणून लावण्यात येणाऱ्या काही द्रवांमुळे प्लॅस्टिकला तडे जातात. त्यामुळे ते प्लॅस्टिकवर पडू देत नाहीत. बिजागरीत तेल सोडणे अयोग्य ठरते. त्याने घर्षण आणखी घटते आणि तेल पडद्यात उतरण्याचा धोका असतो.

भारतातील ग्राहक हक्क

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूच्या गुणवत्तेतील वा दर्जातील उणीव ही ‘दोष’ या संज्ञेत मोडते. ग्राहकाला आपल्या निवासाच्या वा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तत्पूर्वी १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा आधार घेता येतो. तक्रारीसोबत खरेदीची पावती, हमीपत्र आणि सेवा केंद्राने दिलेली लेखी नोंद जोडणे उपयुक्त असते. सेवा केंद्राने ‘हे सर्वसाधारण आहे’ असे तोंडी सांगितल्यास तेही लेखी मागून घेणे हिताचे ठरते.

निगा

झाकण एका कोपऱ्याला धरून उघडल्यास त्या बाजूच्या बिजागरीवर अधिक भार पडतो. म्हणून ते वरच्या कडेच्या मध्यभागी धरून उघडावे. लॅपटॉप झाकणाला धरून उचलू नये आणि मिटविताना कळफलकावर लेखणी वा अन्य वस्तू राहिली नसल्याची खात्री करावी.

हे सुद्धा पहा

• लॅपटॉप
• घर्षण
• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९