खाद्यवृत्ती चाचणी

खाण्याविषयीची वृत्ती विकृत होऊ लागली आहे का, हे चाळण्यासाठी ज्याची त्याने भरून द्यायची प्रश्नावली. ‘ईटिंग अ‍ॅटिट्यूड्स टेस्ट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘ईएटी’ म्हणून ओळखली जाते. कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकेल यांनी १९७९ मध्ये ती ४० विधानांची प्रसिद्ध केली. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराची लक्षणे मोजणे हा तिचा मूळ हेतू होता. (अ‍ॅनोरेक्सियाचा शब्दशः अर्थ भूक नसणे असा असला, तरी या रुग्णांना भूक बहुधा लागते, ती दाबून टाकली जाते.) १९८२ मध्ये तिची २६ विधानांची आवृत्ती निघाली आणि आज तीच रूढ आहे.

विधाने तीन गटांत मोडतात. वजन व डाएटिंगविषयी १३, अधाशी खाणे व अन्नाचे सतत विचार यांविषयी ६ आणि खाण्यावरील ताबा व इतरांचा दबाव यांविषयी ७. प्रत्येकापुढे ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत सहा पर्याय असतात. ‘नेहमी’ला ३, त्याखालच्या दोन पर्यायांना अनुक्रमे २ आणि १ गुण, उरलेल्या तिन्हींना शून्य. तुपातेलाचे, भारी पदार्थ चाखून पाहायला आवडते अशा अर्थाच्या एकाच विधानाचे गुण उलटे मोजतात. बेरीज जास्तीत जास्त ७८ होते. ती २० किंवा अधिक भरली, तर त्या व्यक्तीला तज्ज्ञाकडे पाठवावे असा संकेत आहे. प्रश्नावलीला जोडून उंची-वजन विचारतात, तसेच उलट्या काढणे, जुलाबाची औषधे घेणे यांसारख्या वर्तनांचीही चौकशी करतात. गुण कमी असले तरी या उत्तरांवरून तपासणीची शिफारस होऊ शकते.

२० हा आकडा निदान नव्हे. समजा, हजार विद्यार्थिनींत दहा जणींना खरोखर आजार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती दहांपैकी नऊ जणींना पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोगी मुलींपैकी ९९ जणींवरही बोट ठेवेल. म्हणजे चाळणीत अडकलेल्या १०८ मुलींपैकी आजारी अवघ्या नऊ. आजार जितका विरळ, तितकी ही गल्लत मोठी; म्हणून प्रश्नावलीनंतर प्रत्यक्ष मुलाखत टाळता येत नाही. याची दुसरी बाजूही आहे. विधानांचा रोख लपत नसल्याने, आजार झाकू पाहणाऱ्या मुलीला सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण करून निसटणे सोपे जाते.

भाषांतराचा प्रश्न याहून अवघड आहे. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींना ही चाचणी दिली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बऱ्याच मुलींचे गुण मर्यादेपलीकडे गेले. मात्र काही विधानांचा अर्थ मुलींनी वेगळा लावल्याचे आणि धार्मिक उपवासांची छाया उत्तरांवर पडल्याचे दिसले. ताब्याविषयीची सात विधाने मराठी घरात नेऊन पाहिली की हे लगेच कळते. ‘मी अन्नाचे लहान तुकडे करते’: पोळीभाकरी मोडूनच खायची असते, दुसरे काय करणार? ‘लोक मला खाण्याचा आग्रह करतात’: पंगतीत आग्रह झाला नाही तरच पाहुणा रुसतो. ‘भूक असूनही खाणे टाळते’: संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणारी बाई याला काय म्हणेल? ‘खाण्याच्या बाबतीत संयम दाखवते’: हा तर आपल्याकडे गुण मानला जातो. या चार विधानांना ‘नेहमी’ असे उत्तर दिले की १२ गुण होतात आणि वजनाचा विचार अजून कुठेच आलेला नसतो. अर्थात, उपास म्हटले की सारे निर्दोष असेही नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी हाणणारा आणि उपासाच्या नावाखाली आठवड्यातले चार दिवस ताटापासून पळणारी मुलगी यांत फरक आहे. तो कळायला ‘का’ विचारावे लागते आणि प्रश्नावली फक्त ‘किती वेळा’ विचारते.

याच्या उलट अनुभव हाँगकाँगमध्ये सिंग ली यांना आला. तेथील काही रुग्ण हाडांचे सापळे झाले होते, तरी जाड होण्याची भीती त्यांना नव्हती. पोट गच्च वाटते, भूक नाही, असे ते सांगत. लठ्ठपणाच्या भीतीभोवती रचलेल्या प्रश्नावल्यांत अशा रुग्णांचे गुण कमी पडतात.

याच कामाच्या इतर साधनांत १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘स्कॉफ’ सर्वांत आटोपशीर आहे: पाच प्रश्न, दोन ‘हो’ आले की पुढची तपासणी. तिच्यातला एक प्रश्न तीन महिन्यांत ‘एक स्टोन’हून अधिक वजन घटले का, असा आहे. मराठीत तो सुमारे साडेसहा किलो असाच विचारावा लागतो. क्रिस्टोफर फेअरबर्न आणि सारा बेग्लिन यांची १९९४ ची ‘ईडीई-क्यू’ गेल्या २८ दिवसांचा हिशेब मागते. मुलांसाठी ईएटीचीच सोप्या भाषेतली आवृत्ती १९८८ पासून आहे. पुरुषांच्या बाबतीत मात्र ईएटी तोकडी पडते: पीळदार शरीरासाठी केवळ प्रथिनांवर जगणाऱ्या तरुणाला सडपातळ होण्याविषयीची विधाने आपली वाटत नाहीत आणि त्याची बेरीज २० च्या बरीच खाली राहू शकते.